शेवटचा नंबर

माझ्या धाकट्या भावाचा, भालचंद्राचा, देवावर बेताचा आणि पहिल्या नंबरावर गाढ विश्वास आहे. भोपाळात नावाजलेल्या डॉक्टरांच्या दाराशी सकाळी नंबर लावावा लागतो. दवाखाना उघडण्यापूर्वीच माणसे येतात, पायरीवर पिशवी, चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवून आपली जागा राखतात आणि समोरच्या टपरीवर पोहे खायला जातात. भालचंद्र वस्तू ठेवत नाही. तो स्वतः उभा राहतो. गोविंदपुऱ्याच्या एका कारखान्यात त्याने सारी नोकरी तपासनीस म्हणून केली. तयार झालेला नग मोजायचा आणि त्यावर हिरवी किंवा लाल चिठ्ठी बांधायची, हे त्याचे काम. सिद्धांतही त्याने तिथूनच आणला: सकाळी डॉक्टरचे डोके ताजे असते, रोग्याचे शरीर ताजे असते, आणि तपासणी नेहमी ताजेपणी व्हावी.

या सिद्धांताने माझ्या भाचीचे दीड वर्ष खाल्ले.

अबोली ही भालचंद्राची एकुलती एक मुलगी. मंडीदीपला औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरणारा एक कारखाना आहे. तिथे ती नव्या कामगारांना सुरक्षिततेचे नियम शिकवत असे, म्हणजे दिवसभर उभी राहून बोलत असे. मी उज्जैनला न्यायशास्त्र शिकवून निवृत्त झाले (न्यायशास्त्र तर्काचे, कोर्टातले नव्हे, तिथे तर्काला प्रवेश नसतो) आणि मिसरोदला भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायला आले. त्याच सुमारास अबोलीच्या संध्याकाळी बिघडू लागल्या होत्या. प्रकृती म्हणत नाही, संध्याकाळीच म्हणते. सकाळी ही मुलगी कंपनीच्या बसमागे धावायची. परतायची तेव्हा डावी पापणी अर्ध्यावर आलेली असे. पहिली पोळी नीट जाई. दुसरीच्या मध्यावर जबडा थांबे, मग ती हनुवटीला हाताचा टेकू देऊन घास चावी. बोलता बोलता आवाज नाकात जाई. केस विंचरायला उचललेला हात कानापर्यंत येऊन खाली पडे. झोप झाली की सकाळी सगळे पूर्ववत.

"मोबाइल बघत जागायचं आणि मग डोळे मिटतात म्हणायचं," शारदा म्हणायची. शारदा म्हणजे माझी भावजय. तिचे निदान चुकीचे होते, पण फुकट होते; पुढे जी विकत मिळाली त्यांच्यापेक्षा ते बरे.

सर्वांत जास्त घात केला तो हसण्याने. हसताना अबोलीच्या ओठांचे कोपरे वर जाईनात. मधला ओठ तेवढा उचलला जाई आणि दात दिसत. कोपरे उचलण्याचे त्राण त्या स्नायूंत उरलेले नसे, एवढेच. पण कारखान्याच्या विभागप्रमुखाने दिवस कलल्यावरच्या एका सभेत विनोद केला, अबोली शिष्टाचार म्हणून हसली, आणि त्या गृहस्थाने तक्रार केली की ही मुलगी वरिष्ठांकडे तुच्छतेने पाहते. तो विनोद मी नंतर ऐकला. तुच्छता अगदी योग्य ठरली असती. दुर्दैवाने ती तिथे नव्हती. अबोलीचे शिकवणे काढून घेण्यात आले आणि तिला एका कोपऱ्यातल्या टेबलामागे बसवण्यात आले, जिथे तिचे हसणे कोणाला दिसणार नाही.

मग डॉक्टर सुरू झाले. प्रत्येक भेटीच्या आदल्या दिवशी शारदा तिला सुट्टी घ्यायला लावी, लवकर झोपवी, सकाळी इस्त्रीचा पोशाख देई. आजारी माणूसही चारचौघांत नीटनेटका दिसावा, ही आमच्या घरची रीत. भालचंद्र पहाटे जाऊन पहिला नंबर धरी. डॉक्टर सांगत, हात वर करा. अबोली हात वर करी. डोळे उघडा, लख्ख उघडी. गुडघ्यावर हातोडी आपटली की पाय शहाण्यासारखा उडे. एकाने जीवनसत्त्वे लिहून दिली. दुसऱ्याने डोळ्यांचे थेंब दिले. तिसरा शहरात फार मोठा समजला जाणारा. त्याने आम्हाला बाहेर काढून अबोलीला विचारले, कोणी मुलगा-बिलगा आहे का मनात. मग आम्हाला आत बोलावून प्रसन्नपणे सांगितले, "बच्ची एकदम फिट है. सब मन का खेल है. शादी-वादी की बात चलाइए, अपने आप ठीक हो जाएगा."

मी त्याच्या भिंतीवरच्या पदव्या वाचत होते. ज्या माणसाला आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही हे दोन शब्दांत म्हणता येत नाही, त्याला एवढी अक्षरे आपल्या नावामागे लावण्याची मुभा कोणी दिली असेल, याचा मी शांतपणे विचार केला. आवाज चढवावा अशी त्याची योग्यता नव्हती.

"डॉक्टर," मी विचारले, "मनाचा खेळ रोज संध्याकाळीच का सुरू होतो? मन सकाळी कुठे जातं?"

"आप टीचर थीं ना?" तो हसून म्हणाला. त्याच्या ओठांचे दोन्ही कोपरे व्यवस्थित वर गेले.

बाहेर येऊन आम्ही रिक्षा केली. मिसरोदचा फाटा आला तेव्हा अबोली म्हणाली, "आत्या, खरंच माझ्या मनाचंच असेल तर? मला स्वतःलाच आता खरं वाटेना झालंय."

रोगाने तिच्या पापण्या नेल्या होत्या. ही शंका मात्र वैद्यकाची देणगी होती, आणि तिच्यावर औषध नव्हते.

न्यूरॉलॉजिस्टचे नाव शेवटी अबोलीनेच शोधले. डॉ. मेघा तांबट, मूळच्या इंदूरच्या. भालचंद्राने नेहमीप्रमाणे पहिला नंबर मिळवला आणि आम्ही तिघे बाकावर बसलो. दार उघडणार तोच डॉक्टरांना रुग्णालयातून तातडीचे बोलावणे आले. नंबर देणाऱ्या माणसाने जाहीर केले की मॅडम दुपारनंतर येतील. थांबायचे तर थांबा, नाहीतर उद्या या. दुपारनंतरची तपासणी भालचंद्राच्या तत्त्वात बसत नव्हती. त्याने तडक टोकन परत केले आणि उद्याचा पहिला नंबर मागितला.

"बाबा, उद्याची रजा नाही मिळणार," अबोली म्हणाली. "आधीच त्या लोकांना वाटतं मी नाटकं करते. मी बसते इथेच."

"टोकन दिलं मी परत."

"मग नवीन घ्या."

नवीन मिळाले ते शेवटचे. भालचंद्राने आयुष्यात प्रथमच शेवटचा नंबर हातात धरला, आणि तो त्याने उलटा धरला, कोणाला दिसू नये म्हणून.

दिवसभर आम्ही त्या लाकडी बाकावर बसलो. अबोली शेजारच्या बायकांशी बोलली, एका तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन खेळवले, कचोरी खाल्ली, पंख्याचा वारा अंगावर घेतला. ऊन समोरच्या भिंतीवरून उतरून गेले. आमची पाळी आली तेव्हा तिची डावी पापणी बुबुळाच्या मध्यावर आली होती आणि आवाज नाकातून येत होता. भालचंद्र अगदी खजील झाला होता. आत शिरताच त्याने डॉक्टरांची क्षमा मागितली: "मॅडम, आज ही जरा थकलीय. एरवी अशी दिसत नाही."

डॉ. तांबटांनी पेन खाली ठेवले. "एरवी कशी दिसते?"

"सकाळी बिलकुल ठीक असते. आम्ही नेहमी सकाळीच दाखवतो. पहिल्या नंबरला."

"नेहमी?"

"नेहमी," भालचंद्र अभिमानाने म्हणाला.

डॉक्टर बाईंनी अबोलीला मान न हलवता छताकडे बघत राहायला सांगितले. दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या, दुकान बंद करताना शटर ओढावे तशा, आणि डावी पूर्ण मिटली. मग बाईंनी फ्रीजमधून बर्फ मागवला, तो हातमोज्यात बांधून मिटलेल्या पापणीवर धरायला दिला. थोड्या वेळाने काढला. पापणी वर आली होती.

 अबोलीने टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात आपले प्रतिबिंब पाहिले आणि ती रडू लागली. डॉक्टर बाईंना वाटले, ती घाबरली. "अगं, घाबरायचं नाही, यावर इलाज आहे," त्या म्हणाल्या.

"घाबरले नाही," अबोली म्हणाली. "म्हणजे हे खरं आहे ना? तुम्हाला पण दिसलं ना?"

"मला दिसलं. आणि मला लागतं की सकाळी आला असतात तर मलाही नसतं दिसलं." त्यांच्या इंदुरी मराठीत दिलासाही हिशेबी मिळत होता. "मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात याला. स्नायू वापरला की थकतो, आराम दिला की परत भरतो. झोपून उठलेलं पेशंट बघायचं म्हणजे दिवाळी संपल्यावर दिवे मोजायचे."

त्या रात्री घरी शारदाला सगळे सांगताना मी न्यायशास्त्रात शिरले. सवयीला निवृत्ती नसते. एखादी वस्तू दिसली नाही म्हणून ती नाही, असे म्हणता येते का? आपल्या जुन्या तर्कपंडितांचे उत्तर असे की म्हणता येते, पण एका अटीवर: ती तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. आपण दीड वर्ष अंधारात घडा शोधला, आणि तीन डॉक्टरांनी घडा नसल्याचे पैसे घेतले.

शारदाने कुकरची शिटी होऊ दिली. मग म्हणाली, "वन्सं, एवढं सगळं ठाऊक होतं तर हे तिसऱ्या डॉक्टरच्या आधी सांगायचंत."

यावर प्राचीन ग्रंथांत उत्तर नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात अबोलीने रात्री दोन पोळ्या हनुवटीला हात न लावता खाल्ल्या. पण गोळी काही तासांची पाहुणी होती. ती उतरली की पापणीही उतरे. दरम्यान रक्ताचा अहवाल आला, छातीचा स्कॅन झाला, आणि डॉ. तांबटांनी आम्हाला समोर बसवून पुढचे सांगितले.

मज्जातंतू स्नायूला निरोप पाठवतो, आणि तो निरोप घेण्यासाठी स्नायूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म जागा असतात. अबोलीचेच रक्त या जागांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत होते. शरीराचे सैन्य शरीराचेच दरवाजे बुजवत होते. आणि या गोंधळाचे मूळ बहुधा छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर बसलेल्या एका ग्रंथीत होते. तिचे नाव थायमस.

"ती शाळा आहे असं समजा," डॉक्टर म्हणाल्या. "लहानपणी तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी शिकतात, आपलं कोण आणि परकं कोण. जी पेशी आपल्यांवरच धावून जाते तिला तिथेच संपवतात. वय वाढलं की शाळेचं काम कमी होतं, ग्रंथी आकसते, तिची चरबी होते. या आजारात बऱ्याच जणांत तसं होत नाही. शाळा गजबजलेली राहते, आणि तिथेच चुकीचे धडे दिले जातात."

"चुकीचे म्हणजे?" मी विचारले.

"त्या ग्रंथीत स्नायूंसारख्या थोड्या पेशी असतात. हे आपलं आहे, ओळखून ठेवा, असं दाखवायला ठेवलेला नमुना म्हणा. असा अंदाज आहे की हल्ला सुरू होतो तो त्या नमुन्यावरच. तिथे नेम धरायला शिकतात आणि मग बाहेर पडून सगळ्या शरीरभर तोच नेम धरतात."

एक विद्यापीठीय संस्था, जी बंद व्हायच्या वयात बंद झाली नाही, आणि जिने ओळखण्यासाठी ठेवलेल्या वस्तूला शत्रू मानायला शिकवले. मला या ग्रंथीची सविस्तर ओळख करून देण्याची काही गरज नव्हती. मी अशाच संस्थेत आयुष्य काढले होते.

"काढून टाकायची," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्या वयाला, या प्रकारच्या आजारात, फायदा होण्याची शक्यता चांगली आहे. उद्याच नाही होणार. महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षं. काहींना उपयोग होतही नाही. पण होतो त्यांचं औषध खूप कमी होतं."

भालचंद्राने स्कॅनचा अहवाल मागितला. चष्मा लावून तो अहवाल त्याने मोजपट्टी धरल्यासारखा वाचला. "यात लिहिलंय गाठ नाही."

"नाही."

"आकारसुद्धा वयाप्रमाणे ठीक लिहिलाय."

"हो."

"म्हणजे नग पास आहे."

"स्कॅनमध्ये पास आहे," डॉक्टर म्हणाल्या.

भालचंद्राने कागदाची घडी घातली. "मी पास झालेला नग कधी भंगारात टाकला नाही, मॅडम. आणि हा तर मुलीच्या छातीतला आहे."

त्यानंतरचे दिवस घरात फार सभ्यतेने वाईट गेले. भालचंद्र ओरडत नाही; तो फक्त अहवाल पुन्हा वाचतो. उज्जैनच्या नातेवाइकांचे फोन येऊ लागले. एक दूरच्या काकू म्हणाल्या की छाती उघडलेल्या मुलीचे पुढे लग्नाचे काय. शारदाने त्यांना ऐकवले, "काकू, छातीच्या आत कोणता पाहुणा बघायला बसलाय?" आणि फोन ठेवून ती इतका वेळ भांडी घासत राहिली की कढईचा काळा रंग गेला.

मी भावाशी शास्त्रोक्त वाद घातला. कार्य दिसते तर कारण मानावे लागते. कारण दिसत नाही म्हणून कार्य नाकारता येत नाही. स्कॅनला सूक्ष्म दोष दिसण्याची योग्यताच नाही. भालचंद्राने सगळे ऐकून घेतले.

"अक्का," तो म्हणाला, "तू बरोबर असशील. पण तू बरोबर असतेस तेव्हा मला नेहमी वाटतं की आपल्याला फसवलं जातंय."

मी अबोलीला म्हटले, सही तुझी लागते, तू सज्ञान आहेस, बापाची परवानगी कशाला हवी? ती गॅलरीत उभी होती. संध्याकाळ होती, त्यामुळे एक डोळा मिटलेला होता.

"सही मीच करणार," ती म्हणाली. "पण बाहेर बाबा उभे नसतील तर मी आत नाही जाणार. तू समजून घे ना, आत्या. शाळेच्या ॲडमिशनपासून प्रत्येक दारात ते माझ्या आधी जाऊन उभे राहिलेत."

मी समजून घेतले. मला ते पटले असे मात्र नाही.

काही दिवसांनी जेवताना अबोलीचा घास पुन्हा अडकला. पाण्याचा घोट नाकातून परत आला. आम्ही तिघेही उठलो. तिने हाताने बसा अशी खूण केली, खोकला थांबेपर्यंत थांबली, आणि मग नाकातल्या, तुटक आवाजात बोलली.

"बाबा, ते गेज आठवतं? माझ्या दहावीच्या वर्षीचं?"

भालचंद्र दचकला. हा प्रसंग घरात सर्वांना पाठ होता, कारण तो त्याच्या नोकरीतला एकमेव अपमान होता. त्याच्या विभागात शाफ्ट, म्हणजे यंत्राचे गोल दांडे, तपासायला लोखंडी गेज असे: ठराविक मापाच्या फटीचा, घोड्याच्या नालासारखा एक तुकडा. शाफ्ट फटीतून गेला तर बरोबर, अडला तर बाद. एकदा अचानक ढिगाने शाफ्ट बाद होऊ लागले. लेथवरच्या माणसांना बोलणी बसली, पोलाद बदलले, यंत्रे उघडली. सगळे शाफ्ट निर्दोष होते.

"गेज हातातून पडलं होतं कोणाच्या तरी," भालचंद्र म्हणाला. "फट केसभर आवळली होती."

"दिसत होतं?"

"नाही. डोळ्यांना कुठे दिसतंय? रंगसुद्धा उडाला नव्हता."

"मग कळलं कसं?"

"चांगला माल बाद होतोय म्हणजे..." तो थांबला. त्याने ताटातली वाटी थोडी बाजूला सरकवली, पुन्हा जागेवर आणली. "चांगला माल बाद होत असेल तर माल नाही तपासायचा. गेज तपासायचं."

"माझे स्नायू चांगले आहेत, बाबा," अबोली म्हणाली. तिने हनुवटीला हाताचा टेकू दिला होता. "बर्फ ठेवला की चालतात. झोपले की चालतात. माल चांगला आहे. कोणीतरी बाद करतंय."

 भालचंद्राने विचारले, "ऑपरेशनचा पहिला नंबर मिळतो का?"

"मिळतो," मी म्हणाले. त्याबाबतीत मला काहीच ठाऊक नव्हते.

मिळाला. आणि इथे, न्यायाने सांगायचे तर, त्याचा सिद्धांत योग्य ठिकाणी लागू पडला: सर्जनने स्वतःच सांगितले की अशा रुग्णाला सकाळी पहिले घेणे चांगले. शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस तिला रुग्णालयात ठेवून अंगातली ताकद वाढवणारे औषध शिरेतून दिले. सकाळी तिला आत नेले तेव्हा भालचंद्र दाराशी उभा होता. परिचारिका त्याला म्हणाली, "अंकल, कुर्सी है, बैठ जाइए." तो म्हणाला, "आदत है."

दुर्बिणीतून, बरगड्यांमधल्या लहान छिद्रांतून काम झाले. आपल्याकडे सर्जन काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवतात. त्यामागे पारदर्शकता असेल किंवा पुढे होणाऱ्या भांडणाचा अनुभव. आम्हाला दाराशी बोलावून त्यांनी स्टीलचा ट्रे पुढे केला. त्यात पिवळसर, मऊ, दोन पाकळ्यांचे काहीतरी होते. शारदाने पाहिले आणि तोंड फिरवले. भालचंद्राने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून, हात मागे बांधून, ते सर्व बाजूंनी पाहिले.

"बाहेरून फॉल्ट दिसत नाही," तो म्हणाला.

सर्जन थकलेले होते. "दिखेगा भी नहीं. माइक्रोस्कोप में भेजेंगे."

श्वासाची नळी दुसऱ्या दिवशी निघाली. अबोलीचे पहिले वाक्य होते, "बाबा उभेच आहेत का?" भालचंद्राला बसवण्यासाठी मग शारदाला आत जाऊन अबोलीकडून 'बसा' असा निरोप आणावा लागला.

पुढच्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाचा अहवाल आला. स्कॅनमध्ये पास झालेल्या त्या ग्रंथीत जागोजाग पेशींचे गोलाकार जमाव सापडले होते, प्रतिपिंडे घडवणाऱ्या कार्यशाळाच त्या. डॉ. तांबटांनी कागदावर बोट ठेवून भालचंद्राला ते दाखवले. त्याने मान हलवली. घरी येऊन तो एवढेच म्हणाला, "गेजच होतं," आणि त्या रात्री तो लवकर झोपला.

मी तिसऱ्या डॉक्टरकडे त्या अहवालाची प्रत स्वतः नेऊन दिली. पहिल्या नंबराने गेले. त्याने ती वाचली आणि म्हणाला, "अच्छा, इंटरेस्टिंग केस." मी त्याला विचारले की आता लग्नाचे बोलणे चालवायचे की थांबवायचे. तो हसला. मी हसले नाही. बाहेर पडताना पाहिले, त्याने अहवाल टेबलाच्या खणात न टाकता पुन्हा वाचायला घेतला होता. मी याला फार महत्त्व देत नाही, पण पाहिले एवढे नमूद करते.

पुढचे वर्ष परीक्षा पाहणारे होते. पहिले काही महिने काहीच बदलले नाही. एकदा तर पापणी पूर्वीपेक्षा लवकर मिटली आणि अबोली दोन दिवस कोणाशी बोलली नाही. शाळा बंद केली म्हणून आधी बाहेर पडलेले विद्यार्थी लगेच सुधारत नाहीत, असे मी तिला सांगितले. तिने उशी फेकून मारली. उशी भिंतीपर्यंत पोचली. आदल्या वर्षी तिचा हात कानापर्यंत पोचत नव्हता, हे आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आले.

मग संध्याकाळी परत येऊ लागल्या, एकेक तुकड्याने. आधी जेवण, मग आवाज, मग पापण्या. कारखान्यात तिने वैद्यकीय कागद पुढे ठेवून आपले काम परत मागितले आणि, विभागप्रमुखाला आनंद झाला की नाही कोण जाणे, मिळवले.

डॉ. तांबटांची एक अट होती: दाखवायला यायचे ते कामाच्या दिवशी, काम करून, शेवटच्या नंबराने. भालचंद्राने ही अट पहिल्या नंबराच्याच निष्ठेने स्वीकारली. तो दुपारीच जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहू लागला. शेवटचे राहणे पहिले येण्यापेक्षा कठीण असते, कारण मागून माणसे येतच राहतात.

"आप आगे जाइए," तो प्रत्येकाला म्हणे.

"नहीं अंकल, आप पहले आए हैं."

"इसीलिए कह रहा हूँ, आगे जाइए."

भोपाळात स्वखुशीने नंबर सोडणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात. एका गृहस्थाने तर मला हळूच विचारले की डॉक्टर चांगल्या आहेत ना.

गेल्या हिवाळ्यातली एक भेट. मंडीदीपहून पूर्ण पाळी करून, नव्या कामगारांच्या एका तुकडीला दिवसभर शिकवून, अबोली बसमधून थेट दवाखान्यात आली. बाहेर अंधार पडू लागला होता. आत आमच्याशिवाय कोणी उरले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, वर बघत राहा. छताला पंखा होता, थंडीमुळे बंद. अबोली त्याच्याकडे बघत राहिली. भालचंद्र तिच्या पापण्यांकडे बघत राहिला. मी भालचंद्राकडे. रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करण्याचा प्रयत्न करत होते. ती सुरू झाली आणि निघून गेली. पापण्या जागच्या हलल्या नाहीत.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "खाली बघ, मान दुखेल. गोळी आणखी कमी करू."

"बंद होईल?" भालचंद्राने विचारले.

"होईलच असं मी म्हणणार नाही. होऊ शकते. सहा महिन्यांनी बघू. संध्याकाळी."

बाहेर पडल्यावर अबोलीने गाडीवरून भाजलेले चणे घेतले, ज्या पदार्थाकडे तिने कित्येक महिने नुसते पाहिले होते, आणि ती कडाकड चावू लागली. भालचंद्र इतका खूश होता की त्याने आपला विनोद सांगितला. त्याच्याकडे एकच आहे, कारखान्याच्या कँटीनमधल्या चहाचा, आणि तो आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

अबोलीने त्याच्याकडे पाहिले. मधला ओठ तेवढा उचलला गेला आणि दात दिसले.

भालचंद्राचा चेहरा उतरला. तो रस्त्याच्या दिव्याखाली थांबला, चष्मा सारखा करून त्याने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिले. "अबोली," तो म्हणाला, "कोपरे वर गेले नाहीत."

"नाही नेले," ती म्हणाली आणि आणखी एक चणा तोंडात टाकला.